शेणखत, पाचट आणि मातीतली एन्झाइम्स

मंडळी, आपण शेणखत टाकतो, पण पीक शेणखत खात नाही. मुळांना अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट अशा रूपातच अन्न घेता येतं. शेणातला नत्र (नायट्रोजन) प्रथिनांत अडकलेला असतो, स्फुरदाचाही (फॉस्फरसचाही) बराच भाग सेंद्रिय संयुगांत. ते तोडतात एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. ती तयार करतात मुख्यतः जिवाणू आणि बुरशी, थोडीफार मुळंही. म्हणून कुठलंही सेंद्रिय खत टाकताना मला विचारावंसं वाटतं, की याने कोणतं एन्झाइम वाढेल आणि ते आत्ता वाढायला हवंय का?

युरिएजचंच घ्या. युरियात 46 टक्के नत्र असतो, पण आधी युरिएजने त्याचा अमोनिया करावा लागतो. ताजं कोंबडीखत पडलं की जिवाणू झपाट्याने वाढतात आणि युरिएजही वाढतं. त्यावर कुणी युरिया नुसता वरून फेकला, तर आपल्या आठच्या आसपास सामू (pH) असलेल्या काळ्या जमिनीत अमोनिया पटकन तयार होतो आणि हवेत उडतो. युरिएजचा आकडा वाढला म्हणून जमीन सुधारली, असं सरसकट म्हणू नका. युरिया मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या.

आता पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात उरतं आणि आजही कितीतरी ठिकाणी त्याला काडी लावली जाते. मला याचं फार वाईट वाटतं. जाळलं की त्यातला नत्र आणि कर्ब (कार्बन) हवेत जातो, वरच्या थरातले जीव भाजून निघतात. ठेवलं तर सेल्युलोज तोडणाऱ्या बुरशीला काम मिळतं. मात्र पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, पाचटाने घात केला. म्हणून तर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. ती पाळणाऱ्यांचा खोडवा बघा, मग बोला.

सेंद्रिय संयुगांतला स्फुरद मोकळा करणाऱ्या फॉस्फेटेजची गोष्ट वेगळी. मुळं आम्ल फॉस्फेटेज सोडतात, अल्कधर्मी फॉस्फेटेज मात्र सूक्ष्मजीवांकडूनच येतं. काळ्या जमिनीत कंपोस्टने ते वाढलं, तर श्रेय सूक्ष्मजीवांचं. उलट विद्राव्य स्फुरद भरपूर असेल तर ते कमी होतं. आयतं मिळत असताना जिवाणू एन्झाइम बनवण्यावर शक्ती का खर्च करतील?

डिहायड्रोजनेज हे एन्झाइम फक्त जिवंत पेशीत काम करतं, म्हणून मातीतले जीव किती सक्रिय आहेत हे ते सांगतं. प्रयोगशाळेत मातीत एक रंगहीन क्षार घालतात, तो लाल होतो आणि लाली मोजतात. ताजं खत टाकल्यावर काही दिवसांत हा आकडा उसळतो आणि पुढे उतरतो. म्हणजे नमुना कधी घेतला, हे माहीत नसलेला आकडा फसवा. टिकाऊ बदल बघायचा तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या ज्वारी-गव्हाच्या प्रयोगाकडे बघा. तो 1987-88 पासून चालू आहे. पूर्ण रासायनिक मात्रेबरोबर शेणखत मिळणाऱ्या वाफ्यांत एन्झाइम्सची सक्रियता सर्वांत जास्त, काहीच न मिळणाऱ्यांत सर्वांत कमी. शेणखत की रासायनिक, हे भांडण मला त्यामुळेच व्यर्थ वाटतं.

शहरातल्या कचऱ्याचं खत घेताना मात्र सावध राहा. पारा, कॅडमियम, तांबं हे धातू एन्झाइमला चिकटून त्याचं काम बंद पाडतात आणि ते कुजून जात नाहीत. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला मर्यादा आहेत, किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100. विकणाऱ्याकडे अहवाल मागा. तो देत नसेल तर ट्रॉली परत पाठवा.

माती तपासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. सामू आहे, सेंद्रिय कर्ब आहे, जस्त-बोरॉन आहे, पण एकही एन्झाइम नाही. डिहायड्रोजनेजची चाचणी कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज होते. निदान ऊस पट्ट्यात तरी ती पत्रिकेत यावी, अशी माझी मागणी आहे. तोवर गावातल्या एका पाचट जाळलेल्या आणि एका ठेवलेल्या शेतातून, वाफसा असताना, एकाच दिवशी, एकाच खोलीवरून माती घ्या आणि ताजी असतानाच या चाचणीसाठी जवळच्या कृषी महाविद्यालयात पोहोचवा.