पाणंदीतली गाडी आणि पायातले बूट

(कोल्हापुरात दुचाकीस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणारी गाडी घेतली की माणूस पहिल्या महिन्यात दोनच प्रश्न विचारतो. चालवायची कुठं आणि अंगावर घालायचं काय? दुकानदार दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते विकता येतं. मी पहिल्यापासून सुरू करतो. तुम्ही कसल्या जमिनीवर पडणार हे ठरल्याशिवाय कसलं गियर, म्हणजे हेल्मेट-बूट-जाकीट असं अंगावरचं संरक्षण, घ्यायचं ते ठरत नाही. पडणार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल चहाला जावं.

गाडीबद्दल थोडक्यात. पासिंग झालेली, नंबरप्लेट आणि आरसे असलेली, पण पुढं बहुधा २१ इंची चाक आणि पोटाखाली मोकळी जागा, अशी ही जात. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली तेव्हा फारसं कुणी तिच्याकडं वळलं नाही. मग २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००, आणि आता गल्लीगल्लीत या गाड्या दिसतात. एक्सपल्स दीडशे किलोच्या जरा पुढं, हिमालयन दोनशेच्या घरात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. आडवी झालेली गाडी चिखलातनं एकट्यानं उचलायची वेळ आली की मग कळतो.

आता जागा. आपल्याकडं लोक थेट लडाखची स्वप्नं बघतात आणि घराशेजारची पाणंद सोडून देतात. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, कुठल्याही तालुक्यात जा, उसाच्या दोन फडांमधनं जाणारी पाणंद आहेच. शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. वेग वीस-पंचवीसच्या वर जात नाही, आणि पाव किलोमीटरात खडी, माती, चिखल, ओढा, सगळं भेटतं.

पण ही पाणंद कुणाची? भूमी अभिलेखच्या गावनकाशात वाटा काढलेल्या असतात. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. म्हणजे नकाशात दाखवलेली पाणंद ही वहिवाटीची वाट आहे, तिच्यावरनं जायला हरकत नाही. आणि जे नकाशात नाही, ते कुणाचं तरी रान आहे. मोबाइलच्या नकाशावर दोन्ही एकसारखंच दिसतं. म्हणून मी म्हणतो, आधी गावनकाशा बघा. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे ठेवा, ते २०१७ पासून आपल्याला मोफत उतरवून घेता येतात. आणि शेवटचा शब्द पारावर बसलेल्या म्हाताऱ्याचा. “बाबा, ही वाट पलीकडं निघती का?” एवढं गाडी बंद करून, हेल्मेट काढून विचारायचं. हेल्मेट घालूनच विचारलंत तर उत्तर मिळेल, पण खरं मिळेलच असं नाही.

कागदावर सोळा फूट असलेली पाणंद प्रत्यक्षात ट्रॅक्टरच्या रुंदीएवढीच उरलेली असते. बाकीची दोन्हीकडच्या बांधांनी खाल्लेली. गाळप हंगामात समोरनं उसानं भरलेली ट्रॉली आली तर मागं कुणी यायचं, यावर चर्चा नको. तुम्ही यायचं. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची वेळ असते, त्या तासात पाणंदीत शिरूच नका. आणि सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. फटाके फोडणारी एक गाडी गावातनं गेली की पुढच्या दहा जणांना शिव्या खाव्या लागतात, आणि त्या शिव्या रास्त असतात.

चाकोरीत गाडी कशी चालवायची हे इथंच शिकून घ्या. ट्रॉलीच्या चाकांनी पाडलेली, उन्हानं वाळून कडक झालेली चाकोरी. पुढचं चाक त्यात गेलं की हँडल वळत नाही, आणि माणूस घाबरून खाली चाकाकडं बघतो. चाकाकडं बघितलं की आडवा. नजर दहा-पंधरा फूट पुढं, उभं राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, ॲक्सिलेटर हलका पण चालू. चाकोरी संपते तिथं चाक आपोआप बाहेर येतं. काळ्या रानातला पावसाळी चिखल मात्र वेगळं प्रकरण. तो मडगार्ड आणि टायरच्या मधे ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि क्लच जळाल्याचा वास येतो. तिथं कौशल्य काही कामाचं नाही. उतरा, काठी घ्या, चिखल काढा.

आता पश्चिमेला चला, इथं मी जरा कडक बोलणार आहे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गाडी फिरवून व्हिडिओ काढायची हौस आपल्या पोरांना फार. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्यावर चार बोटं मातीचा थर, त्यात पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारा दवबिंदू. आपला नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांचा टायर एकदा फिरला की त्या रेषेतनं पाणी वाहायला लागतं आणि माती निघून जाते. मग तिथं फूल नाही, नुसता दगड. शिवाय १६६० च्या जुलैमध्ये पन्हाळ्यावरनं महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले, त्या वाटेनं दर पावसाळ्यात शेकडो लोक पावनखिंडीपर्यंत चालत जातात. त्यांच्यात हॉर्न वाजवत घुसायचं म्हणजे… सोडा.

राधानगरी अभयारण्य तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. दाजीपूरवरनं फोंडा घाटाकडं जाणारा डांबरी रस्ता आपला, आतल्या वाटा नाहीत. त्या डांबरीवरही तिन्हीसांजेला चाळीसच्या वर जाऊ नका. पूर्ण वाढलेला गवा टनाच्या आसपास भरतो आणि वळणावर तो बाजूला होत नाही.

खरी कसोटी हवी असेल तर गारगोटी, कडगाव, पाटगाव, भटवाडी, चिक्केवाडी, म्हणजे रांगणा किल्ल्याची वाट. दगड, झाडांची मुळं, ओढे, गर्द झाडी. पण पाटगावात चौकशी करून, वनखात्याची हरकत नाही याची खात्री करून, आणि पावसाळा सोडून. किमान तिघं असावेत. एक पडला तर एक थांबतो, एक मदतीला जातो. टाकी गारगोटीतच भरा.

एवढं सांगितल्यावर गियरचं उत्तर निम्मं आलेलंच आहे. आपण पडणार ते बहुतेक वेळा वीसच्या वेगात, दगडावर, गाडी पायावर घेऊन. म्हणजे हेल्मेटनंतर पहिला खर्च बुटांवर. लोक नेमकं उलट करतात. जाकीट भारीतलं, आणि पायात पायताण. नाद खुळा! शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काम करणारे बरेच जण सेफ्टी शूज घालून येतात. पायताणापेक्षा ते कितीतरी बरे, बोटं वाचतात. पण घोटा मोकळा राहतो, आणि पाय फुटरेस्ट आणि दगडाच्या मधे सापडला की पिळला जातो तो घोटाच. दुकानात बूट हातात घ्या, टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात, आणि पिळा. सहज पिळला तर ठेवून द्या. नडगीपर्यंत उंची आणि आत ईएन १३६३४ चा, म्हणजे दुचाकीच्या बुटांच्या युरोपीय मानकाचा शिक्का असेल तर बघा.

हेल्मेटबद्दल वाद घालायचा नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला काय टांगलेलं असतं ते आपण बघतोच. घालून पट्टा लावा आणि हनुवटी धरून हलवा. हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली पाहिजे. नुसतं हेल्मेटच हललं तर माप मोठं आहे. आतला थर्माकोल एकदाच दबतो. जोरात आपटलेलं हेल्मेट वरनं चकचकीत असलं तरी गेलं. टोपीसारखी चोच असलेलं हेल्मेट पाणंदीत उन्हाला छान, हायवेला ऐंशीच्या वर वारा त्यात भरतो आणि मान धरते.

गुडघ्याचे गार्ड उभ्यानं बघून घेऊ नका. दुकानाबाहेर स्वतःच्या गाडीवर बसून बघा. गुडघा वाकल्यावर वाटी बरोबर मधे बसते की खाली घसरते, तेवढंच तपासायचं. कोपर-गुडघ्याच्या गार्डवर ईएन १६२१-१ लिहिलेलं असतं. ५० ज्यूलचा ठोका मारून पलीकडं किती बल पोचलं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंतच. पाठीचं मानक वेगळं, १६२१-२, तिथं १८ आणि ९. पण आधी जाकिटाच्या पाठीच्या कप्प्यात हात घाला. बऱ्याच जाकिटांत तिथं साधा फोम निघतो, ज्याचा उपयोग फक्त जाकीट दुकानात टांगल्यावर भरदार दिसायला.

जाकीट जाळीचंच घ्या, एप्रिलात दुसरं अंगावर राहत नाही आणि काढून मागं बांधलेलं जाकीट काय कामाचं? पावसासाठी आतल्या अस्तराच्या भानगडीत पडू नका. अंग कोरडं राहतं, पण जाकीट भिजून जड होतं. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथं वरनं घालायचा रेनकोटच बरा.

एक चिठ्ठी आलीय. ‘उंची पाच फूट तीन, एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटर, जमेल का?’ ताई, जमतं. दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडा. सिग्नलला एका बाजूला सरकून डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा ब्रेकवर. सस्पेन्शन खाली करून घेऊ नका, क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, जाईल आणि पहिल्याच दगडावर इंजिनाचं पोट आपटेल. त्यापेक्षा सीटचा फोम थोडा कापून घ्या आणि उद्यमनगरात इंजिनाखाली जाड पत्र्याची प्लेट बसवून घ्या. चांगल्या बुटाच्या तळव्यानं वर बोटभर उंची मिळते ती वेगळीच.