किती वेळा सिद्ध करायचं?

नमस्कार मंडळी. महाराष्ट्र दिनासाठी समितीने मला "आपला महाराष्ट्र" हा विषय दिला होता, आणि मी गड्ड्याची जत्रा, हुरडा, पार्क चौक, एसटीची लाल गाडी असं सगळं लिहूनही काढलं होतं. ते आज बाजूला ठेवते. गेल्या रविवारी लेझीमची प्रॅक्टिस संपवून घरी जाताना माझी नऊ वर्षांची लेक गाडीत मागून म्हणाली, "आई, ती चिपळूणवाली मराठी कशी गं? ती मुस्लिम आहे ना? मग ती मॅचमध्ये इंडियाच्या साइडने असते का?"

ही पोरगी इंग्लंडात जन्मली, भारतात सुट्टीपुरती जाते. मग हे तिच्या डोक्यात आलं कुठून? आपल्याकडूनच. आपण चहाच्या टेबलाशी बोलतो, मोबाइल मोठ्याने लावतो, आणि पोरं तिथेच खेळत असतात.

त्या चिपळूणवालीची आई प्रत्येक कार्यक्रमाला स्टीलच्या डब्यातून सांदणं आणते, सोबत नारळाचा रस, गूळ-वेलची घातलेला, आणि डबा रिकामा होईपर्यंत आपण तिथून हलत नाही. मागच्या वर्षी ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला, मुसलमान मॅचला कुणासाठी टाळ्या वाजवतात वगैरे, आणि संध्याकाळी त्या ग्रुप सोडून गेल्या. बारीक अक्षरात तशी ओळ दिसली. कुणी का म्हणून विचारलं नाही, खाली लगेच मोदकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

आणि हा प्रश्न आपल्याला नवा आहे का हो? 1990 साली नॉर्मन टेबिट नावाचे इथले खासदार हेच म्हणाले होते, की आशियातून आलेली माणसं क्रिकेटमध्ये कुणाला चिअर करतात ते बघा म्हणजे त्यांची निष्ठा कळेल. इथले जुने लोक अजून ते चिडून सांगतात, आणि बरोबरच चिडतात, कारण टॅक्स इथे भरायचा, नोकरी इमानाने करायची आणि वर निळा टीशर्ट घातला म्हणून परीक्षा द्यायची, हे आपल्याला अपमानाचं वाटतं. मग तीच परीक्षा आपण तिकडे अशा माणसाची का घेतो ज्याच्या कैक पिढ्या रत्नागिरीत, मिरजेत, मालेगावात गेल्या?

मी सोलापूरची. आमच्याकडे चार हुतात्मा चौक आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन ऐन तारुण्यातले, 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. घरी पोचल्यावर मी लेकीला ही गोष्ट सांगितली. तिला पटली, म्हणाली मग ते आपलेच.

पण रात्री मलाच झोप येईना. कुर्बान हुसेन फासावर गेले म्हणून आपले, अब्दुल हमीद 1965 च्या लढाईत परमवीर चक्र मिळवून गेले म्हणून आपले, आणि जो साधा माणूस टायरचं पंक्चर काढतो, मुलीच्या फीची काळजी करतो, ज्याला क्रिकेट आवडतच नाही, त्याने काय करायचं? आपल्याला कुणी असला दाखला मागितलाय का कधी? आपण जन्मलो आणि झालो भारतीय.

आपल्यातले बरेच जण इथे हमीद दलवाईंचं नाव घेतात. घ्यायलाच हवं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, 1966 मध्ये सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला तोंडी तलाकच्या विरोधात, 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आपल्या समाजाचा केवढा राग ओढवून घेतला. पण दलवाई धर्माच्या आधी नागरिक म्हणून बघा असं सगळ्यांनाच सांगत होते, हिंदूंनाही. त्यांनी मुसलमानांना सुनावलं तेवढंच आपण लक्षात ठेवतो आणि आपल्या वाट्याचं सोडून देतो, हे मला खटकतं.

समितीने आता ग्रुपवर असले फॉरवर्ड बंद केलेत, त्याबद्दल आभार. मी त्या बाईंना फोन केला. छान बोलल्या, लेझीमचे कपडे कुठे मिळतील ते विचारलं, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. ग्रुपवर परत या म्हटलं तर म्हणाल्या, "बघू या, ताई." पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.