प्राणिशास्त्र विभागातली मगर

[दृश्य: विश्वामित्रीचा पूल. खाली गढूळ पाणी, काठाला झाडी.]

परदेशातली विद्यापीठं सामन्याच्या दिवशी वाघ-अस्वलाचं सोंग नाचवतात. आमच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला तसलं सोंग शिवावंच लागलं नाही. इथे खरा प्राणी आपल्या पायांनी येतो.

ऑगस्ट २०२४. मुसळधार पाऊस, त्यात आजवा सरोवरातून सोडलेलं पाणी. शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनीच बांधवलेलं हे सरोवर. विश्वामित्री नदी काठ सोडून घराघरांत शिरली आणि तिच्याबरोबर मगरीही. २७ ते २९ तारखेच्या तीन दिवसांत वनखात्याने शहरातून २४ मगरी उचलल्या. त्यातली एक, चांगली ११ फुटी, सापडली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाजवळच्या मोकळ्या जागेत. एवढ्या विभागांतून तिने नेमका तोच निवडला!

[दृश्य: काठावर ऊन खात पडलेली मगर.]

विश्वामित्रीच्या १७ किलोमीटरच्या पट्ट्यात चारशेच्या वर मगरी आहेत, असं वनखातं सांगतं. काठाच्या मातीत त्या बिळं करतात. पूर आला की बिळात पाणी भरतं, मग त्या तरी जाणार कुठे? गुजरातेत मगर हे खोडियार मातेचं वाहन. त्यामुळे रस्त्यात मगर दिसली, की पळता पळता हात जोडणारेही भेटतात. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत मात्र एकच सूचना असायची: कमाटीबागेत जा, पण नदीच्या बाजूला फिरकू नकोस.

[दृश्य: कला शाखेचा घुमट.]

हा घुमट. वास्तुविशारद चिझम, वळण विजापूरच्या गोल घुमटाचं. आधीचं बडोदा कॉलेज १८८१चं, त्याचं विद्यापीठ झालं ते १९४९मध्ये. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. घुमटावर फिल्मा पुष्कळ झाल्या आहेत, आपण पुढे जाऊ.

[दृश्य: फाईन आर्ट्सचं आवार. लाकूड तासणारे हात, रंगाचे डबे.]

१९५०मध्ये ललित कला शाखा सुरू झाली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवायला आले, शंखो चौधुरी शिल्पकला. पाठोपाठ शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आले. इथली सगळ्यात मजेशीर रीत निघाली ती पैशाच्या अडचणीतून. विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी निधी हवा होता. वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरायचं कुणी? त्यापेक्षा आपल्याला येतं ते करून विकू, असं ठरलं आणि १९६१मध्ये फाईन आर्ट्स फेअर भरली. मोठमोठे चित्रकार मुलांच्या मांडीला मांडी लावून खेळणी करायला बसले. सुब्रमण्यन यांनी लाकूड, कातडं, मणी जोडून प्राणी-पक्षी घडवले. जत्रेच्या दुकानात मांडलेलं खेळणं उद्या कलेच्या इतिहासात जाईल, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्यालाही.

जत्रा काही दर वर्षी भरत नाही. भरली की मात्र कला म्हणजे काय, हे विचारायला न धजणारं अख्खं गाव तिथे घासाघीस करायला हजर असतं.

[दृश्य: घरातलं काचेचं कपाट. आत एक लाकडी पक्षी.]

आमच्याही घरी तिथला एक लाकडी पक्षी आहे. आई त्याला बदक म्हणते, बाबा कोंबडा.