दारात पोलिस, कानाला फोन

नमस्कार श्रोतेहो. आधी एक नंबर सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवा. 14416. एक चार चार एक सहा. टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासात बोलण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दुसरा नंबर तुम्हाला ठाऊकच आहे, 112, पोलिसांचा. माणूस मनानं खचलाय, आत काहीतरी बिनसलंय, अशी शंका आली तर दार कुणी वाजवायचं आणि दार उघडल्यावर बोलायचं काय, एवढ्यापुरतंच आज बोलणार आहे.

टेलि-मानस 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालं. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था त्याच्या मुळाशी आहे. फोन लावला की भाषा विचारतात, मग समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतो. यंत्रणा कशी चालते ते झालं. आता गोष्ट सांगतो. ही मी अनेक ठिकाणी सांगितली आहे आणि पुढेही सांगेन, कारण मला ती आवडते.

उत्तर गोव्यातलं एक गाव. नाव सांगायचं नाही, ही बाईंची अट. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले. यजमान वारले, मुलगा मस्कतला, आणि घर केवढं, तर राजांगणात लग्नाची पंगत बसेल. त्या घरात बाई एकट्या. मुलगा रोज रात्री फोन करायचा. एका रात्री बाईंनी तो उचलला नाही. सकाळी फोन बंद. शेजारीण पुण्याला लेकीकडे गेलेली. घाबरून मुलानं मस्कतहून 112 फिरवलं. आता परदेशातून 112 लावल्यावर गोव्याचे पोलिस कसे मिळणार? त्याला हवा होता इथल्या पोलिस स्टेशनचा लँडलाइन, 0832 वाला. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी आजच तो नंबर मुलांच्या फोनमध्ये घालून द्या. परत सांगतो, आपल्या भागातल्या पोलिस स्टेशनचा लँडलाइन, परदेशातल्या मुलांच्या फोनमध्ये.

मुलानं शोधून शोधून तो मिळवला. जीप निघाली. वाटेत कॉन्स्टेबलानं पोदेराला, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव देणाऱ्याला, घर विचारलं. पोदेर म्हणाला, ‘‘त्या बायचो कालचो पाव पिशवेंतूच आसा.’’ बघा, गेटला अडकवलेली पिशवी कोणी उचलली आणि कोणी नाही, हे पोदेराइतकं गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक असतं? सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो पाठवणाऱ्या आम्हा मंडळींना ते कळत नाही. पाव दिवसेंदिवस लहान होत चाललाय आणि महागही, त्यावर मला स्वतंत्र भाषण करायचं आहे, पण पोदेर टिकला पाहिजे.

तर जीप दारात. जीप दारात म्हटल्यावर वाडा, म्हणजे आजूबाजूची सगळी वस्ती, जमलाच. कॉन्स्टेबलानं हाक मारली, ‘‘आजी!’’ आतून आवाज नाही. पुन्हा हाक. मग खिडकीच्या गजांमागून बाई कडाडल्या, ‘‘बंदूक केव्हाच जमा केली! पावती आहे माझ्याकडे!’’

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. शेतात रानडुकरं येतात म्हणून आमच्याकडे काही घरांत परवान्याची बंदूक असते आणि निवडणूक आली की ती पोलिस स्टेशनात जमा करावी लागते. तेव्हा आचारसंहिता लागलेली होती. बाईंच्या घरी पोलिस आजवर आले ते फक्त यजमानांच्या बंदुकीपायी. यजमानांमागे बाईंनी ती कायमची देऊन टाकली होती. हे उत्तम केलं होतं. मन खचलेल्या माणसाच्या घरात बंदूक असू नये.

‘‘आजी, बंदूक नको.’’

‘‘आजी कोणाची रे मी?’’

‘‘चुकलो, बाई. तुम्ही जेवलात का, एवढं विचारायला आलोय.’’

आत सगळं गप्प. आता त्या पोरानं काय केलं ऐका. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, जीप देवळाकडे नेऊन लाव. जमलेल्या लोकांना म्हणाला, काही झालेलं नाही, घरी जावा. टोपी काढली आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात शहाणपणाचं काम ते, जीप हलवण्याचं. थोड्या वेळानं कडी वाजली.

आत गॅस पेटलेला नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी न फोडलेली. त्यावर तो काहीच बोलला नाही. मुलाला फोन लावून दिला आणि मग विचारलं, ‘‘बाई, आणखी एका ठिकाणी बोलाल? मी बसतो इथंच.’’ 14416 लावला, स्पीकरवर ठेवला. भाषा विचारणारा ध्वनिमुद्रित आवाज आला. बाई म्हणाल्या, ‘‘हिला ण म्हणता येत नाही.’’ मग समुपदेशक आला. बाईंनी आधी त्याचीच तोंडी परीक्षा घेतली, शाळा कुठली, मराठी कोण शिकवायचं. त्यानं सगळी उत्तरं दिली, घाई केली नाही. आणि मग सरळ विचारलं, ‘‘बाई, जगणं नकोसं होतं का?’’

बाई म्हणाल्या, ‘‘रोज सकाळी होतं. चहा घेतला की जरा कमी व्हायचं. आता चहाच करत नाही.’’

कॉन्स्टेबल उठला आणि स्वयंपाकघरात गेला. डब्यांची खडखड सुरू झाली. बाईंनी फोनवरच्या माणसाला ‘थांब जरा’ म्हणून आत ओरडून सांगितलं, ‘‘साखर वरच्या फळीवर! निळा डबा!’’

पुढे भाचीनं त्यांना बांबोळीला नेलं. आयपीएचबी, मनोरुग्णांचं इस्पितळ असं आपण अजून दबक्या आवाजात म्हणतो, ते. तिथे ओपीडीत दाखवता येतं, कोणी कोंडून ठेवत नाही. औषधं सुरू झाली. बाई आता चहा घेतात, आणि ‘ण’ची तक्रार अजून चालूच आहे.

आता सगळ्यांचा अनुभव असा नसतो. फोंड्यात भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण मला म्हणाला, मित्रानं काळजीपोटी पोलिसांना कळवलं. दोघे आले आणि घरमालकासमोर पहिला प्रश्न, ‘दारू घेतली काय? गांजा?’ महिन्याअखेर मालकानं खोली सोडायला सांगितली. आता तो मित्राला काही सांगत नाही. तो रागावला यात त्याचं काय चुकलं? पेडण्याच्या एका ताईंनी एका हेल्पलाइनला फोन केला, तर पलीकडून ‘सकारात्मक विचार करा’. त्यांनी ठेवून दिला. हे तीन शब्द रेडिओवरूनही काही वर्षं बंद ठेवावेत असं माझं मत आहे, आमचे निवेदक मित्र रागावले तरी. ताईंनी पुन्हा लावला तेव्हा दुसरी मुलगी होती आणि तिनं नुसतं ऐकलं. म्हणून सांगतो, एक फोन फसला तर पुन्हा लावा. पुन्हा लावा.

ऐकणारा डॉक्टरच असावा असंही नाही. गोव्यातच संगाथ या संस्थेनं गावातल्या साध्या बायकांना शिकवून आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. त्याचा उपयोग झाला, आणि ते 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेतलं तर 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, लॉकअपमध्ये कधीच नाही. आणि जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असं धरायचं, त्याला शिक्षा नाही. केस होईल म्हणून घरचे लपवतात, इस्पितळात न्यायला उशीर करतात. करू नका.

जीव आत्ता धोक्यात असेल तर 112 लावा, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. पोलिसांना काय सांगायचं? वाडा आणि जवळची खूण सांगा, घर नंबरावर आपल्याकडे कुणाला घर सापडत नाही. ‘भांडण नाही, गुन्हा नाही, माणूस मनानं त्रासलेला आहे’, हे पहिल्याच वाक्यात सांगा. कुत्रा सुटा असतो का, घरात बंदूक आहे का, चावी कुणाकडे आहे, तेही. बाई एकटी असेल तर महिला पोलिस मागा. जीप जरा लांब थांबवायला सांगा. आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः तिथे जा, कारण पोलिस तासाभरात निघून जातात.

काळजी आहे पण एवढी घाई नाही, असं असेल तर तुम्हीच 14416 ला विचारा, मी या माणसाशी कसं बोलू. दुसऱ्यासाठी फोन केलेलाही चालतो. एक चार चार एक सहा. लिहून झालं नसेल तर आणखी एकदा, एक चार चार एक सहा. नमस्कार.