भिंत किती फुटांची?

(दृश्य: सातारा बसस्थानक, सकाळ. सहलीची एसटी.)

दिवाळीची सुट्टी संपली की साताऱ्यातल्या शाळांना सहलीचे वेध लागतात. वाघ दाखवायचा तर खंबाटकीचा बोगदा ओलांडून कात्रज गाठायचं, बुधवार सोडून. त्या दिवशी तिथलं प्राणिसंग्रहालय बंद. बाई एसटीच्या दारात उभ्या राहून बजावतात, “हात खिडकीबाहेर काढू नका, एकटं फिरू नका.” खंदकाच्या कठड्यापाशी कसं उभं राहायचं, हे या सूचनांत सहसा नसतं. मग तिथे गेल्यावर कुणीतरी हौशी बाप पोराला थेट कठड्यावर बसवतो आणि फोटोसाठी दोन पावलं मागे सरकतो.

(दृश्य: रिकामा खंदक, वरचा कठडा.)

२३ सप्टेंबर २०१४, दिल्ली. विशीतला एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. विजय नावाचा तो वाघ काही मिनिटं त्याच्यासमोर थांबला होता. वरून आरडाओरडा, दगडफेक, आणि अर्थातच मोबाईलवर शूटिंग. तरुण वाचला नाही. चर्चा मात्र एकाच प्रश्नावर अडली : तो आत गेलाच कसा?

प्रश्न गैर नाही. १ जानेवारी १९९६ रोजी कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात दोघेजण वाघाला हार घालायला आत उतरले. एक जिवानिशी गेला. तिथे दोष कुणाचा, हे शोधायला चौकशी समिती लागत नाही. पण प्रत्येक वेळी माणसाचा आगाऊपणा म्हणून फाईल बंद करणं जरा जास्तच सोयीचं आहे.

२००७ चा नाताळ, सॅन फ्रान्सिस्को. तातियाना ही वाघीण खंदकाची भिंत चढून बाहेर आली. एक तरुण ठार, दोघे जखमी. पोरांनी तिला डिवचलं होतं का, यावर वाद रंगला. भिंत मोजली तर भरली साडेबारा फूट. शिफारस होती सोळा फुटांहून अधिक. डिवचलं असेलही. पण भिंत काही त्या पोरांनी बुटकी केली नव्हती.

अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २०१६ साली तीन वर्षांचा मुलगा हरांबे या गोरिलाच्या खंदकात पडला. भुलीचं इंजेक्शन का नाही मारलं, असं जगभरातून विचारलं गेलं. भूल चढायला वेळ लागतो, सुई टोचली की जनावर बिथरू शकतं, आणि पोर त्याच्या हातात होतं. हरांबेला गोळी घातली. लोकांनी आईला धारेवर धरलं. तिच्यावर खटला झाला नाही. कठडा होता तीन फुटांचा. नंतर तो साडेतीन फूट केला, वर दोरांची जाळी बसवली.

आपल्याकडे संग्रहालयातल्या प्राण्याला डिवचायला, खायला घालायला, गोंगाट करून त्रास द्यायलाही वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पाटी असतेच. ती वाचून कोण गप्प बसलंय?

(दृश्य: सांगली, मार्केट यार्ड.)

डिसेंबर २०२१ मध्ये इथे गवा शिरला. ना खंदक, ना कठडा, ना तिकीट. बघे मात्र तेच. आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला अशाच गर्दीच्या पाठलागानंतर गवा मेला होता. सांगलीचा वाचला. गर्दी आवरणारा माणूस जाग्यावर लागतो, तो संग्रहालयातही. वाघाच्या कठड्यापाशी रक्षक दिवसभर असतो का, कुणी पडलंच तर तो सगळ्यात आधी कुणाला कळवतो, भुलीची बंदूक किती वेळात पोचते : सहलीचे पैसे गोळा करण्याआधी शाळेने एवढं फोन करून विचारावं.