बर्गंडीचा म्हातारा कोंबडा

[दृश्य : लुआँ गावचा बाजार, सकाळ]

सोमवारची सकाळ आहे. फ्रान्सच्या पूर्वेला, बर्गंडी प्रांतात, लुआँ नावाचं छोटं गाव. मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुन्या घरांच्या १५७ कमानी, आणि दर सोमवारी भरणाऱ्या बाजारात जिवंत कोंबड्यांचा कलकलाट. पांढरी पिसं, लाल तुरा, निळसर पाय. या ब्रेसच्या, म्हणजे इथल्याच परिसरातल्या, कोंबड्या. १९५७ पासून त्यांच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. प्रत्येकीला चरायला निदान १० चौरस मीटर गवत, खायला मका आणि दुधाचे पदार्थ. फ्रेंच माणूस त्यांच्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही.

आपण मात्र इथे दुसऱ्याच पक्ष्यासाठी आलोय. आपल्याला हवा आहे वय झालेला कोंबडा. छाती अरुंद, तंगड्या लांब, मांस गडद आणि चिवट. ब्रेसची कोवळी कोंबडी तीन तास वाइनमध्ये उकळायची म्हणजे चांगल्या मांसाची नासाडी. ‘कोक ओ व्हँ’, म्हणजे वाइनमधला कोंबडा, जन्माला आला तो या चिवट मांसासाठीच. शेतावर कोंबड्या बऱ्याच, कोंबडा एखादाच. तो थकला की नवा यायचा आणि जुना भांड्यात जायचा. भाजला तर दाताने तुटणार नाही असा पक्षी, पण घरच्या द्राक्षमळ्याची वाइन हाताशी होती आणि चूल दिवसभर पेटलेली असायची.

या पदार्थाची एक आख्यायिका ओव्हेर्न्य भागात फार आवडीने सांगतात. प्राचीन फ्रान्समधल्या गॉल लोकांचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स याने वेढा घालून बसलेल्या ज्युलियस सीझरला डिवचायला एक रागीट कोंबडा पाठवला; सीझरने तो वाइनमध्ये शिजवून त्यालाच जेवायला बोलावलं. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला पुरावा कुठलाच नाही. छापील पाककृतींत हे नाव दिसतं ते थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरचं रोजचं जेवण लिहून ठेवायला कोण बसलं होतं?

[दृश्य : घरचं स्वयंपाकघर, संध्याकाळ]

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. कोंबड्याचे सांध्यावर आठ-दहा तुकडे करायचे, हाडं तशीच ठेवायची. सोबत गाजर, कांदा, ठेचलेला लसूण. थाइम या सुवासिक वनस्पतीच्या काड्या, तमालपत्रासारखं दिसणारं लॉरेलचं पान आणि पार्सलीचे देठ दोऱ्याने एकत्र बांधायचे. या जुडीला म्हणतात बुके गार्नी. वर लाल वाइन, तुकडे बुडतील इतकी. मोठ्या कोंबड्याला दीड-दोन बाटल्या सहज लागतात.

बर्गंडीत लाल वाइन म्हटली की पिनो न्वार द्राक्षाची. त्यामागे इतिहास आहे. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे हे भरघोस पीक देणारं द्राक्ष उपटून टाकायचं फर्मान काढलं आणि पिनोला मोकळं रान मिळालं. अर्थात भांड्यात महागडी बाटली ओतायची काहीही गरज नाही. वाइन ग्लासात प्यायला बरी लागली पाहिजे, एवढी अट पुरे.

[दृश्य : दुसरा दिवस, भांड्याचा जवळून शॉट]

रात्रभर मुरल्यावर तुकड्यांना बाहेरून जांभळा रंग चढतो, हाडाजवळ मात्र ते अजून गुलाबी असतात. ते निथळून स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे पुसायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळण्यासारखं अजिबात नाही. ओला तुकडा तापल्या भांड्यात पडला की आधी वाफ धरतो, आणि पाणी उडेपर्यंत त्याला रंग येतच नाही. मांस खरपूस होण्याची क्रिया जोरात चालते ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे.

जाड बुडाच्या, मुलामा दिलेल्या बिडाच्या भांड्यात, म्हणजे कोकॉटमध्ये, आधी डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बोटाएवढे तुकडे परततात. त्यांची चरबी सुटते. त्याच चरबीत कोंबडा, तीन-चार तुकडे एका वेळी, गर्दी न करता. आता भांड्याचा तळ बघा. तपकिरी थर धरलाय, करपायच्या बेतात आहे, पण करपलेला नाही. सगळ्या रश्शाची चव या थरात आहे. तुकड्यांवर चमचाभर मैदा भुरभुरायचा, मग पळीभर ब्रँडी घालून काडी लावायची. निळी ज्योत उठते आणि क्षणात विझते. मागोमाग मुरवणाची वाइन ओतायची आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. तो थर विरघळताना रश्शाचा रंग डोळ्यांदेखत गडद होतो.

दारूचं काय होतं, असं आपल्याकडे हमखास विचारतात. ज्योतीने ती जळून जाते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पेटवून विझवल्यावरही सुमारे ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, अडीच तास मंद शिजवल्यावर ५ टक्के. शून्य होत नाही. ज्यांना अजिबात नको त्यांनी हे जाणूनच ठरवावं.

आता आच मंद करायची. पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा, इतकीच. खळखळून उकळलं तर मांसाचे धागे आकसतात आणि आतला रस पिळून निघतो. म्हाताऱ्या पक्ष्याच्या स्नायूंभोवतीचं कोलॅजेन, म्हणजे त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन, वयानुसार घट्ट विणलं गेलेलं असतं. ते ७० अंशांच्या पुढे हळूहळू सुटून त्याचं जिलेटिन होतं, आणि त्याला अडीच ते तीन तास लागतात. ओठांना किंचित चिकटणारा तो दाटपणा मैद्याने कधीच येत नाही.

म्हणूनच बाजारातली ब्रॉयलर कोंबडी इथे कमी पडते. पाऊण तासात ती शिजते, त्यापुढे धागा धागा होऊन हाडं मोकळी, आणि रस्सा पातळ तो पातळच. १९६० च्या दशकात पाककलेच्या लेखिका ज्युलिया चाइल्ड यांनी टीव्हीवरून हा पदार्थ अमेरिकेतल्या घरांत नेला; तिकडे कोंबड्याची जागा कोवळ्या कोंबडीने घेतली, आणि आज फ्रान्समधल्या घरांतही बहुतेकदा तीच असते. महाराष्ट्रात करणार असाल तर माझं सांगणं एकच : ओळखीच्या माणसाकडून मोठा गावरान कोंबडा मिळवा. भांडं स्टीलचं किंवा मुलाम्याचं घ्या, कारण अॅल्युमिनियममध्ये वाइनच्या आंबटपणाने चव बिघडते. कुकरच्या शिट्ट्यांचा मोह आवरा. मांस मऊ होईल, पण झाकणबंद भांड्यात वाइन आटत नाही आणि तिचा कच्चा उग्रपणा तसाच राहतो.

[दृश्य : दुसऱ्या शेगडीवर तवा]

कांदे आणि अळंबी वेगळी शिजतात. बोराएवढे सोललेले कांदे थोडं लोणी, चिमूटभर साखर आणि पाण्यात ठेवायचे. पाणी आटलं की साखर-लोण्याचा चकचकीत लेप बसतो. भांडं हलवत राहा, चमच्याने ढवळलंत तर पापुद्रे सुटतील. अळंबी मात्र मोठ्या आचेवर. दोन्ही शेवटच्या पंधरा मिनिटांत रश्शात जातात. रस्सा पातळ वाटला तर लोणी आणि मैदा समप्रमाणात मळून त्याच्या लहान गोळ्या आत सोडायच्या. पूर्वी या जागी कोंबड्याचं रक्त असे. गोठू नये म्हणून त्यात थोडं व्हिनेगर घालून राखलेलं.

प्रांत बदलला की वाइन बदलते. आल्सासमध्ये पांढरी रिस्लिंग आणि साय, जुरा डोंगराकडे पिवळी व्हँ जोन आणि मोरेल अळंबी. बर्गंडीत ताटात उकडलेले बटाटे येतात, कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरलेली पार्सली आणि रस्सा पुसायला पाव.

शक्य असेल तर आदल्या दिवशी करून ठेवा, थंड झाल्यावर वर आलेली चरबी काढा आणि मग गरम करा. भांड्यात रस्सा उरलाच तर बर्गंडीतल्या घरांत तो टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गरम करतात, पाण्यात अलगद सोडून शिजवलेली अंडी त्यात ठेवतात आणि लसूण चोळलेल्या भाजक्या पावाबरोबर खातात.