खोली भाड्याने देणे आहे

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, विद्यापीठाच्या आसपास, कोंढव्यात, विमाननगरमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. कुणी इराणचं, कुणी अफगाणिस्तानचं, कुणी येमेन, सुदान, इथिओपिया किंवा टांझानियाचं. काही जण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेले असतात. ही परिषद मौलाना आझाद यांनी 1950 साली स्थापन केली. बाकीचे घरच्यांच्या पैशावर येतात. आपली मुलं जर्मनीत, अमेरिकेत शिकायला गेली की ती काय जेवली, नीट झोपली का, हे आपण रोज विचारतो. आपल्याच गल्लीत राहणाऱ्या या परदेशी मुलामुलींचे दिवस कसे जातात, याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. मी अशा मुलांना बोलण्यापुरतं मराठी आणि हिंदी शिकवते, त्यामुळे थोडंफार जवळून पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी प्रश्न येतो खोलीचा. वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मग दलाल, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. मी कधी कधी या मुलांबरोबर खोल्या बघायला जाते. फोनवर मी बोलते तेव्हा खोली रिकामी असते. आम्ही जिना चढून वर जातो, दार उघडतं, घरमालक माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघतात आणि म्हणतात, "अहो, कालच गेली की." मुलाला मराठी येत नाही, पण त्याला कळलेलं असतं.

घरमालकांशी नंतर शांतपणे बोललं की बहुतेकांच्या मनात पोलिसांची भीती असते. कागदपत्रांची भानगड नको, असं ते म्हणतात. ही भीती मी समजू शकते, म्हणून नियम सांगते. परदेशी व्यक्ती आपल्याकडे राहायला आली की 24 तासांच्या आत तिची माहिती ऑनलाइन कळवायची असते. पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवला की हे काम एका बैठकीत होतं. भाडेकराराची नोंदणी आणि पोलिसांना कळवणं तर आपण नागपूरहून आलेल्या भाडेकरूच्या बाबतीतही करतोच.

पण त्या 24 तासांच्या कामासाठी आपण नाही म्हटलं की त्या मुलाचं काय होतं, हे ऐका. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला भारतात पोचल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीला राहण्याचा पत्ता लागतो. पत्त्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, आणि करार करायला घरमालक हवा. बँकेत खातं उघडायचं तरी पत्ता मागतात. खातं नाही तोवर यूपीआय नाही. वडापावच्या गाडीवर सगळे मोबाइल काढून स्कॅन करतात आणि हा मुलगा पाचशेची नोट हातात धरून उभा राहतो, सुटे नाहीत म्हणून परत जातो. एका खोलीवाचून परक्या देशातला अख्खा पहिला महिना असा अडून बसतो.

जेवणाचंही तसंच. मेसची पोळी-भाजी, आमटी-भात मुलांना हळूहळू आवडायला लागतो. तिखटाची सवय होते. पण मेसच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि रमजानमध्ये पहाटे खायला मिळालं नाही तर दिवसभराचा रोजा उपाशीपोटी काढायचा. एका मेसवाल्या काकूंनी मात्र आपणहून सुचवलं की पहाटेचं जेवण रात्रीच डब्यात भरून देते. त्या काकूंबद्दल मुलं ज्या आदराने बोलतात, तसं मी एखाद्या प्राध्यापकाबद्दलही क्वचित ऐकलं आहे.

आजारपणात तर विचारूच नका. पुण्यातली एक गोष्ट अनेकांना माहीत असेल. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि वसतिगृहाचं कामही बघत होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. त्यांनी चौकशी केली. मुलगा मॉरिशसचा होता, त्याला कावीळ झाली होती, आणि ती मुलगी त्याच्यासाठी जेवण आणत होती. आत जायची परवानगी नव्हती म्हणून खिडकीतून. परदेशी विद्यार्थ्यांच्या या एकटेपणाने मुजुमदार अस्वस्थ झाले आणि त्यातून 1971 साली सिंबायोसिस ही संस्था उभी राहिली. आज ते नाव घेतलं की आपल्याला मोठाल्या इमारती आठवतात. सुरुवात झाली ती परदेशी मुलांना भेटीगाठीसाठी एक हक्काची जागा असावी म्हणून.

आता जे सांगणार आहे ते बोलणं सोपं नाही. आफ्रिकेतून आलेल्या मुलामुलींना आपल्या रस्त्यांवर टक लावून पाहिलं जातं, मागून हाका मारल्या जातात, न विचारता केसांना हात लावला जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने संध्याकाळी सातनंतर बाहेर पडणंच सोडलं. ती रसायनशास्त्रात एमएस्सी करत होती. तिच्या वर्गातल्या मुलींनी तिला दिवेलागणीनंतर सोबत न्यायला-आणायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिला पुन्हा ग्रंथालयात बसता आलं. रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी असं बघत असेल, तर तिथे उभ्या असलेल्या आपण मोठ्या माणसांनी बोललं पाहिजे. मी बोलते. एका वाक्याने पुष्कळ फरक पडतो.

आणि घरी, त्यांच्या घरी, काय चाललेलं असतं? 15 ऑगस्ट 2021 ला आपल्याकडे झेंडावंदन चाललं होतं, त्याच दिवशी काबूल तालिबानच्या हाती गेलं. भारताबाहेर असलेल्या अफगाणी लोकांचे जुने व्हिसा थोड्याच दिवसांत रद्द झाले, आणि त्यामुळे सुट्टीसाठी किंवा कोविडमुळे घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. जे इथे होते त्यांना घरून पैसे येणं अवघड झालं. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे घरचा पैसा थांबला की दुसरा मार्ग नाही. पुढे डिसेंबर 2022 मध्ये अफगाणिस्तानातली विद्यापीठं मुलींसाठी बंद झाली. पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला तेव्हा परत जायचं तर कशासाठी, हा प्रश्न पडला. एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं, आणि खार्टूमला फोन लागत नाही म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागी राहिलेली मुलं दुसऱ्या दिवशी पेपरला बसली. आपण त्यांना वर्गात फक्त गैरहजर असल्याबद्दल विचारतो.

तरीही ही मुलं आपले सण करतात. नवरोज हा इराणी-अफगाणी नववर्षाचा सण मार्चमध्ये येतो, वसंतसंपाताच्या वेळी, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास. 2023 साली तर दोन्ही सण एका दिवसाच्या अंतराने आले होते. इराणी मुली टेबलावर सात वस्तू मांडतात: सफरचंद, लसूण, व्हिनेगर वगैरे, आणि ताटलीत उगवलेला गहू, अगदी आपल्या घटासारखा. अफगाणी घरांत सात प्रकारचा सुकामेवा पाण्यात भिजवून ठेवतात आणि त्या गोड पाण्यासकट वाटीतून देतात. शेजारच्या आजींनी ती वाटी घेतली आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड पाठवलं, हे मी पाहिलं आहे. पुढे वर्षभर त्या मुली आजींची औषधं आणून देत होत्या.

आपल्यातलीही एक विद्यार्थिनी अशीच परक्या देशात गेली होती. आनंदीबाई जोशी 1883 साली, अठराव्या वर्षी, घरचं कुणी सोबत नसताना अमेरिकेला पोचल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मासिकात त्यांच्याविषयी वाचलं होतं. तेवढ्यावर त्यांनी पत्र लिहिलं आणि पुढे या अनोळखी मुलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. नऊवारी नेसणाऱ्या, शाकाहारी मुलीला फिलाडेल्फियाची थंडी सोसली नाही, तब्येत ढासळत गेली, पण 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत.

मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. म्हणून घरमालक श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा खोली द्यायची असेल आणि एखादा परदेशी मुलगा किंवा मुलगी दाराशी आली, तर आधी आत बोलवा, पाणी द्या, पासपोर्ट आणि कॉलेजचं प्रवेशपत्र बघा. शंका असेल तर कॉलेजला किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राला फोन करून खात्री करून घ्या. मग भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, जे काय असेल ते इतर भाडेकरूंना सांगता तसंच स्पष्ट सांगा. आणि ज्यांच्याकडे द्यायला खोली नाही, त्यांनी जिन्यात भेट झाली की नाव विचारा आणि ते नीट उच्चारायला शिका.

नमस्कार.